केशरोपणाच्या पहिल्या भेटीची फी

प्रश्न : केशरोपणाचा सल्ला एका ठिकाणी मोफत मिळतो, दुसऱ्या ठिकाणी फी घेतात. फी घेणं योग्य आहे का?

उत्तर : डॉक्टर स्वतः तपासणार असतील तर योग्यच. रोपणासाठी केस डोक्याच्या मागच्या भागातून घेतात, म्हणून तिथले केस भिंगाखाली पाहून दर चौरस सेंटिमीटरला किती केशपुंज (एकत्र उगवणाऱ्या केसांचे छोटे गट) आहेत ते मोजावं लागतं; निरोगी डोक्यात ते साधारण ६५ ते ८५ असतात. तिथलेच केस बारीक होत असतील तर रोपण टिकत नाही. चाई किंवा व्रण पाडणारा त्वचारोग सक्रिय असेल तर शस्त्रक्रिया थांबवावी लागते. थायरॉईड, लोह, घरातलं टक्कल, चालू औषधं, हेही विचारायला हवं. यात अर्धा तास सहज जातो आणि 'रोपण नको, आधी औषध घ्या' हे उत्तर द्यायला डॉक्टर मोकळे राहतात. मोफत भेटीत बहुधा सल्लागार विक्रेता भेटतो आणि तपासणीआधीच ग्राफ्टचा, म्हणजे रोपायच्या केशपुंजांचा, आकडा सांगतो. तो आकडा मानू नका. फोटोंवरून प्राथमिक अंदाज फुकट मिळाला तर हरकत नाही. फी शस्त्रक्रियेच्या बिलातून वजा होते का, ते आधी विचारा. मात्र त्याच दिवशी आगाऊ रक्कम मागितली तर देऊ नका.