वाचकांचे प्रश्न : दोन धर्मांची विधाने एकमेकांना खोडतात तेव्हा

प्रश्न : मी आठवीच्या वर्गाला शिकवते. ‘सर्व धर्म एकच सांगतात’ असे समजावत असताना एका मुलीने विचारले, “बाई, ख्रिस्ती म्हणतात येशू वधस्तंभावर मेला, मुसलमान म्हणतात मेलाच नाही. मग दोघांचेही खरे कसे?” मला उत्तर देता आले नाही. – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : मुलीने नेमके बोट ठेवले आहे आणि तसे तिला वर्गात सांगायला हवे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. ‘एकच सांगतात’ हे वाक्य दया, सत्य, चोरी न करणे अशा आचारधर्माच्या काही भागापुरते बऱ्याच अंशी टिकते. काय घडले, देव कसा आहे, मृत्यूनंतर काय होते या बाबतीत ते टिकत नाही.

विरोध खरा आहे की नुसता वाटतो, हे तपासायची रीत न्यायशास्त्राने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनाने, घोटून ठेवली आहे. त्यांचे नेहमीचे उदाहरण माकडाचे. झाडाच्या फांदीवर माकड बसले आहे. ‘झाडाला माकडाचा स्पर्श आहे’ हे फांदीपुरते खरे, ‘झाडाला माकडाचा स्पर्श नाही’ हे बुंध्यापुरते खरे. विधान वस्तूच्या कोणत्या भागापुरते वा कोणत्या काळापुरते आहे, ती मर्यादा ठरवणाऱ्याला नैयायिक ‘अवच्छेदक’ म्हणतात. शब्दाचा अर्थही तसाच तपासून घ्यावा. मर्यादा वेगळी निघाली तर भांडण मिटले. भाग, काळ आणि अर्थ तिन्ही एकच निघाले तर मात्र पळवाट उरत नाही. दहाव्या शतकातले उदयनाचार्य म्हणतात, ‘परस्परविरोधे हि न प्रकारान्तरस्थितिः’, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या दोन पर्यायांत तिसरा प्रकार संभवत नाही.

आता हे फळ्यावर करून पाहा. आधी आज्ञा आणि विधी बाजूला काढा. शुक्रवारची नमाज आणि रविवारची मिस्सा यांना खरे-खोटे लागू होत नाही. (‘ही आज्ञा देवानेच दिली’ हे मात्र विधान आहे, ते यादीत राहील.) मग नावे जुळवा : येशू आणि ईसा ही एकच व्यक्ती, मरियमचा मुलगा, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. मग मूळ वाक्य फोडा. त्याला वधस्तंभावर चढवले का? तिथे त्याचा मृत्यू झाला का? तो मृत्यू माणसांच्या पापांसाठी होता का? मेल्यावर तो पुन्हा उठला का? चार ओळी झाल्या. प्रत्येकीसमोर दोन्ही बाजूंचे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा.

ख्रिस्ती रकान्यात चारही ‘हो’ येतील. बायबलमधील पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात पापांसाठी मरण, पुरणे आणि उठणे एकापाठोपाठ येते. कुराणाच्या सूरह अन-निसामधील 157वी आयत सांगते की त्यांनी त्याला मारले नाही, वधस्तंभावरही चढवले नाही, त्यांना तसे भासवले गेले. पारंपरिक भाष्यकारांपैकी बहुतेकांनी याचा अर्थ असा लावला की ईसासारखा दिसणारा दुसराच कोणी चढवला गेला आणि ईसाला अल्लाहने वर उचलून घेतले. अहमदिया जमातीचा (स्वतःला मुस्लिमच मानणारा एक पंथ) अर्थ वेगळा : वधस्तंभावर चढवले, पण जिवंत उतरवले गेले. ईसाची कबर श्रीनगरला आहे असे ते मानतात. म्हणजे त्यांच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘हो’ आणि दुसरीला ‘नाही’.

इथे मुलांच्या लक्षात येईल की विरोध दोन अख्ख्या धर्मांत नसतो, ठरावीक ओळींत असतो. हा तक्ता करण्याचे मोल त्यातच आहे. आणखी एक गोष्ट आवर्जून दाखवा. दुसरी ओळ इतिहासाच्या पुराव्याच्या कक्षेत येते. ख्रिस्ताला रोमन अधिकारी पिलाताच्या कारकिर्दीत देहदंड दिल्याचा उल्लेख रोमन इतिहासकार टॅसिटसनेही केला आहे. तिसरी ओळ त्या कक्षेत येत नाही, कारण एका मृत्यूने दुसऱ्यांची पापे धुतली गेली हे कोणताही दस्तऐवज दाखवू शकत नाही. दुसरी सिद्ध झाली म्हणून तिसरी सिद्ध होत नाही. दुसरी कोसळली तर तिसरी आणि चौथी मात्र आपोआप कोसळतात. वादात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. एक बाजू दुसऱ्या ओळीचा पुरावा देऊन तिसरी जिंकल्यासारखे बोलते आणि समोरची बाजू तिसरी मान्य नाही म्हणून दुसरीचा पुरावाही झिडकारते.

प्रश्न : आंधळे आणि हत्ती ही गोष्ट, ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’ हे वचन आणि जैनांचा अनेकांतवाद यांनी हा विरोध विरघळत नाही का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही विरोध विरघळतात. शेपटीला दोर आणि पायाला खांब म्हणणारे दोघे हत्तीच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलतात. माकडाच्या झाडासारखीच ही स्थिती आहे. पण ‘मेला’ आणि ‘मेला नाही’ ही एकाच माणसाची, एकाच दिवसाची गोष्ट आहे. तिथे दुसरा भाग कुठून आणणार?

ऋग्वेदातले वचन (1.164.46) पूर्ण वाचावे. त्यात इंद्र, मित्र, वरुण, अग्नी ही एकाच सत्‌ची अनेक नावे आहेत असे म्हटले आहे. नावांचा वाद त्याने मिटतो. ते सत् जगाचा निर्माता आहे की नाही, हा वाद नावांचा नाही.

वस्तू अनेक बाजूंनी पाहावी लागते, या अनेकांतवादाबद्दल मोठा गैरसमज आहे. त्यात विधानाला जोडला जाणारा ‘स्यात्’ हा शब्द म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘अमुक दृष्टीने’. द्रव्यदृष्टीने सोने नित्य, पर्यायदृष्टीने (बदलत्या रूपाच्या दृष्टीने) बांगडी अनित्य. सप्तभंगी, म्हणजे ‘स्यात्’ लावून विधान करण्याचे सात प्रकार, प्रत्येक विधानाची दृष्टी सांगायला भाग पाडते, सगळ्यांना बरोबर ठरवत नाही. एकाच वस्तूत विरुद्ध धर्म (म्हणजे गुण) राहू शकत नाहीत असा आक्षेप शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (2.2.33) घेतला. दृष्टी वेगळी आहे, हे जैनांचे त्यावरचे उत्तर. आणि ज्या जैन आचार्यांनी ही पद्धत घडवली, त्यांनी सृष्टिकर्ता ईश्वर ठामपणे नाकारला. नवव्या शतकातल्या जिनसेनाचार्यांचे खंडन तर फार परखड आहे. वेरूळला 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन लेणी एकाच डोंगरात आहेत. ती शेजारी कोरली गेली, पण नित्य आत्मा आहे की नाही यावर त्या तिन्ही परंपरांच्या पंडितांनी शतकानुशतके वाद घातला. ते एकमेकांचे म्हणणे नीट समजून घेत, म्हणूनच त्यांच्या ग्रंथांत प्रतिपक्षाचा पूर्वपक्ष (खंडनाआधी मांडलेली त्याची बाजू) एवढा सविस्तर सापडतो. सगळ्यांचे म्हणणे एकच ठरवून टाकण्यापेक्षा यात समोरच्याचा मान अधिक राखला जातो, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : मी हिंदू, पत्नी ख्रिस्ती. मी पुनर्जन्म मानतो, ती मानत नाही. आमच्यातले एक कोणीतरी बरोबर असणारच ना? – एक वाचक, वसई

उत्तर : तसे बांधील नाही. तुमचे विधान असे : मुक्त न झालेला प्रत्येक जीव पुन्हा जन्मतो. पत्नीचे असे : कोणीही पुन्हा जन्मत नाही, माणसाला मरण एकदाच आणि मग न्याय (इब्री लोकांस पत्र 9:27). ‘प्रत्येक’ आणि ‘कोणीही नाही’ ही दोन टोके आहेत. दोन्ही एकदम खरी नसतील, पण दोन्ही एकदम खोटी असू शकतात : काही जन्मतात आणि काही नाही, असे असेल तर. ‘प्रत्येक जन्मतो’ याचा नेमका व्याघात (त्याला पूर्ण खोडणारे विधान) ‘निदान एक तरी जन्मत नाही’ हा आहे. त्या जोडीतले मात्र एक खरे असावेच लागते.

शिवाय पत्नीच्या विधानात दोन भाग आहेत. मेल्यावर काहीच उरत नाही हे चार्वाकाचे म्हणणे खरे निघाले तर ‘पुनर्जन्म नाही’ हा भाग टिकेल आणि ‘न्याय होईल’ हा पडेल. तुमच्या बाजूलाही एक गाठ आहे. बौद्ध पुनर्जन्म मानतात, पण एका देहातून दुसऱ्यात जाणारा नित्य आत्मा नाकारतात. म्हणून घरात बोलताना आधी ‘जन्मतो का’ आणि ‘कोण जन्मतो’ हे दोन प्रश्न वेगळे करा.

प्रश्न : इतके धर्म एकमेकांना खोडतात, म्हणजे सगळेच खोटे, असे का म्हणू नये? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण ते निष्पन्न होत नाही. एका घटनेची पाच जणांनी पाच वेगळी सालं सांगितली, तर निदान चार चुकले एवढेच कळते. पाचवा चुकला की नाही ते स्वतंत्रपणे पाहावे लागते. विसंवादाचा खरा परिणाम खात्रीवर होतो. एकमेकांना वगळणाऱ्या विधानांना तुम्ही देता त्या विश्वासाची बेरीज 100 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. एकाला 70 दिलेत तर बाकीच्या सगळ्यांना मिळून 30 उरले, आणि ‘यांपैकी एकही नाही’ हा पर्यायही त्या 30 मध्येच बसवायचा. म्हणून ‘सगळेच 80 टक्के खरे’ हा हिशेब जुळत नाही.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये असा मुद्दा मांडला की वेगवेगळ्या धर्मांतील चमत्कारांच्या साक्षी एकमेकींना नष्ट करतात. तो अर्धाच लागू पडतो. कुराणाच्या 3:49 मध्ये ईसा अल्लाहच्या परवानगीने आंधळ्यांना आणि कुष्ठरोग्यांना बरे करतो, मेलेल्यांना उठवतो असे आहे. म्हणजे शुभवर्तमानांतील (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतील) या चमत्कारांची साक्ष इस्लामला खोडत नाही. पुनरुत्थानाची साक्ष खोडते, कारण तिच्यात येशूचा मृत्यू आधीच गृहीत धरलेला आहे.