लेन्सचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय २९, एमआयडीसीत नोकरी, हातात पगार ३४ हजार, घरी आई आणि ते असे दोघंच. कॅननचा १५००डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. कास, ठोसेघर, चाळकेवाडी, जमलं तर पुढे हंपी, स्पिती असं फिरायला सगळ्याला चालेल अशी एकच लेन्स पाहिजे म्हणून टॅमरॉनची १८-४०० बघितलीये. दुकानदाराने ६० हजार सांगितलेत, कार्डावर १२ महिने नो-कॉस्ट ईएमआय. घेऊ का, एवढाच प्रश्न.

आणि मग पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की पैशाचं टेन्शन नाही, आईला शेत विकून ७ लाख आलेत, बँकेतल्या मॅडमनी एफडीसारख्याच स्कीममध्ये सुरुवात करून दिलीये, वर्षाला फक्त १ लाख. सोबत कागदाच्या पहिल्या पानाचा फोटो.

अहो, ती एफडी नाहीये. तुम्हीच पाठवलेल्या फोटोत छापलंय: प्रीमियम भरायची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत १५ वर्षं, शेवटी १७ लाख. विमा तुमच्या नावावर, पैसे आईचे. १० वर्षं १ लाख म्हणजे १० लाख भरायचेत आणि आईकडे आहेत ७. म्हणजे सातव्या हप्त्याला आईचे सगळे पैसे संपले, पुढचे तीन तुमच्या पगारातून. तेव्हा आई ६७-६८ वर्षांची असेल आणि हातात एक रुपया नसेल. १० चे १७ ऐकायला बरं वाटतं, पण प्रत्येक लाख सरासरी साडेदहा वर्षं अडकून पडतो, त्या हिशोबाने परतावा पाच टक्क्यांच्या आसपास पडतो. ह्याला एफडी म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ‘कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा’ असं जे मॅडमनी सांगितलं ते तर मला दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या पत्रात वाचायला मिळतं, चीड येते अक्षरशः.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. पॉलिसीचा कागद १२ दिवसांपूर्वी आला म्हणताय. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत कारण सांगून पॉलिसी परत करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात. पीडीएफ मेलवर आधी आली असेल तर दिवस तिथपासून मोजा. जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्या दिवसांचे पैसे, स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तो खर्च कापतात, बाकी सगळे परत. अर्ज विमा कंपनीला लेखी द्या, मेलही करा, पोच घ्या. बँकेत जाऊन ‘बघा ना मॅडम’ करत बसू नका, ते पुढच्या आठवड्यात या म्हणत म्हणत मुदत घालवतात. कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार, त्यानंतर पुण्याचे विमा लोकपाल, सातारा त्यांच्याच हद्दीत येतं.

पैसे आले की आईच्या नावाने पोस्टात सीनियर सिटिझन स्कीम उघडा. त्या ६१ च्या आहेत, सरळ बसतं. सध्या ८.२ टक्के आहे आणि उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. ६ लाख टाकले तर दर तीन महिन्यांनी १२ हजार ३०० आईच्या खात्यात. उरलेला लाख साध्या खऱ्या एफडीत, दवाखान्यासाठी. आणि आईचा आधार तुम्हीच, तेव्हा तुमच्या नावावर साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत तुम्हाला काही झालं तरच आईला पैसे देणारा विमा, त्यात शेवटी काही परत मिळत नाही आणि म्हणूनच तो स्वस्त असतो.

आता लेन्स. घरखर्च १८ हजार, गाडीचा हप्ता साडेचार, म्हणजे उरतात साडेअकरा. त्यात ५ हजारांचा ईएमआय आणि बाजूला शिल्लक शून्य, हे मला पटत नाही. नो-कॉस्टमध्ये रोखीचा डिस्काउंट जातो, प्रोसेसिंग फी लागते, व्याजावरचा जीएसटीही लागतो. फोटोच्या ऑर्डरी घेऊन हप्ता निघेल असं लिहिलंय, पण पैसे देणारी एक तरी ऑर्डर आतापर्यंत मिळाली का हे लिहिलं नाही. प्री-वेडिंगच करायचं असेल तर १८-४०० त्या कामाची नाहीच, तिथे ५० एमएम एफ/१.८ लागेल, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स, आणि ती ह्याच्या कितीतरी कमी पैशात येते.

१८-४०० ची सोय खरी आहे, पावसात लेन्स बदलावी लागत नाही. पण वजन ७०० ग्रॅम, आणि ४०० वर, म्हणजे पूर्ण झूमला, एफ/६.३, उजेड कमी आत येतो, कासच्या धुक्यात फोटोत नुसता दाणा येईल. तुमची १८-५५ ठेवा आणि वापरलेली कॅनन ५५-२५० एसटीएम शोधा, दहा हजारांच्या आसपास मिळावी. वजन ३७५ ग्रॅम, ८५ सेंटीमीटरवरून फोकस होतो, म्हणजे फुलांत पाय न टाकता वाटेवरूनच तेरडा, सीतेची आसवं भरून घेता येतात. तीन-चार महिने साठवून रोखीने घ्या. घेताना मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून मारून पुढून तिरकं बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात आत बुरशी धरते, कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसतात. तसं काही दिसलं तर भाव कितीही पाडून देत असला तरी ती लेन्स तिथेच ठेवा.