बोर्ड उरकून एप्रिलमध्ये? आंबेवाल्यांच्या घरात तरी नको

तुमची मुलगी अकरावीत, तुम्ही रत्नागिरीजवळ, आणि विचारताय की जेईई मेन, म्हणजे इंजिनिअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, बारावीच्या जानेवारीत द्यावी की बोर्ड उरकून थेट एप्रिलमध्ये. जानेवारीत द्या. एप्रिलमध्येही द्या. दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात, मग अडतंय कुठे?

पण "आधी बोर्ड, मग बाकीचं" हे वाचलं की माझं डोकं फिरतं. आमचं देवगडकडे, कलमं घरची. मुलगी बारावीला होती तेव्हा धाकटे दीर मुंबईहून गणपतीला आले होते. गणपतीवरच्या माटवीला कवंडळं बांधता बांधता म्हणाले, "वैनी, जानेवारीचो फॉर्म भरू नको. पोरगी आपटली तर बोर्डाक मन लागाचा नाय." घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मुंबईचा माणूस बोलला ना! मी एवढंच म्हटलं, "भावजी, एप्रिलात तुमी येवन पेटये भरतल्यात काय?" ते हसण्यावारी गेलं. फॉर्म मी भरला.

मुंबईत एप्रिल म्हणजे परीक्षा संपल्यावरचा मोकळा महिना. आमच्याकडे पहाटे घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन गडी कलमावर, दुपारभर निवड, रात्री वाशीची गाडी. त्या वर्षी माल एकदम तयार झाला, पडवी भरली, माळाही भरला. शेवटी तिच्या खोलीत आढी घातली. टेबल खिडकीला सरकवलं, खाली गवतात हापूस. पिकायला लागल्यावर त्या वासात डोकं जड होतं, विचारा कुणालाही. पोर त्यात ऑरगॅनिक केमिस्ट्री करत बसलेली, आणि दर तासाला कोणीतरी आढी चाळायला आत. एप्रिलचा पर्सेंटाइल जानेवारीपेक्षा खाली आला. जानेवारीचा फॉर्म भरला नसता तर तोच गळ्यात पडला असता.

जानेवारीत सिलॅबस पूर्ण होत नाही म्हणतात. नसेल होत. पंचाहत्तर प्रश्नांपैकी जे येतात ते सोडवा, उणे गुण आहेत म्हणून ठोकताळे मारू नका. प्रॅक्टिकल त्याच सुमारास असतात, त्यामुळे जर्नल डिसेंबरातच सही करून ठेवायला लावा. केंद्र घाटावर आलं तर आदल्या दिवशीच जा. आम्हाला कोल्हापूर आलं होतं, सकाळची शिफ्ट. नऊच्या पेपराला गेट त्याआधी अर्धा तास बंद होतं. फोंडा घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर कोण उत्तर देणार?

सीईटीचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, विचारलंत. तीही एप्रिल-मेच्या सुमारास, म्हणजे पुन्हा आंब्यातच. त्यात उणे गुण नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. पहिले दीड तास फिजिक्स-केमिस्ट्री, मग दीड तास गणित, आणि गणिताचा प्रश्न दोन गुणांचा. वीस टक्के अकरावीचं येतं, म्हणून अकरावीला "आराम करू दे" म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका. माझ्या मुलीला प्रवेश शेवटी सीईटीवरच मिळाला. दीर म्हणतात, "मग जेईईचो उपयोग काय झालो?" उपयोग हा की जानेवारीत ती एकदा त्या स्क्रीनसमोर बसली होती, सीईटीला हात थरथरले नाहीत. आता त्यांचा मुलगा अकरावीत आहे आणि जानेवारीचा फॉर्म कधी सुटतो, हे मला विचारतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुटतो, सांगितलंय.

आणखी एक, आरक्षणात बसत असाल तर जात पडताळणीला आत्ताच टाका. जूनमध्ये धावपळ करून काही हाती लागत नाही.

हां, तुमच्याकडे कलमं नसतील, घर शांत असेल, तर एप्रिल तुम्हाला जडही जाणार नाही. आणि मुलगी डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा देणार असेल तर जानेवारी-एप्रिलचा हा सगळा घोळ सोडा, ती मे महिन्यात एकदाच असते.