स्क्रॅपचे चाळीस हजार आणि आईचे चार लाख

डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 43, वेर्ण्याच्या औषध कंपनीत नोकरी, हातात पगार 58 हजार, घरदुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता 9 हजार. दोन मुलं शाळेत. मे 2009ची पेट्रोल गाडी आहे, गेल्या वर्षी पासिंग करून घेतलंय, ते 2029पर्यंत. कामावर जायला कंपनीची बस असल्यामुळे गाडी वर्षाला जेमतेम 6 हजार किलोमीटर चालते. शोरूमवाल्यानं त्यांना सांगितलं की सरकारच्या स्क्रॅप योजनेत जुनी गाडी दिली तर चांगल्या ॲव्हरेजच्या नव्या गाडीवर लाखभर रुपये सुटतील. नवी गाडी शोरूम भावानं 9 लाखांची, रस्त्यावर येईपर्यंत साडेदहा. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: योजना संपायच्या आत, पाडव्याला गाडी घ्यावी का?

पत्राच्या शेवटी आणखी दोन ओळी आहेत. ‘डाऊन पेमेंटची काळजी नाही. बाबा गेल्यावर आईला 12 लाख मिळाले होते, ते बँकेतल्या मॅडमनी वर्षाला 2 लाख अशा आरडीसारख्या स्कीममध्ये लावून दिलेत. दोन हप्ते झाले आहेत, ते 4 लाख व्याजासकट काढीन.’ सोबत कागदाच्या पहिल्या पानाचा फोटो आहे.

गाडीचा हिशोब आधी सांगतो, कारण तो सोपा आहे.

तुम्ही ज्याला योजना म्हणता ते केंद्राचं 2021चं वाहन स्क्रॅप धोरण. त्यात सरकार तुमच्या हातात रोख काही ठेवत नाही. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिली की एक प्रमाणपत्र मिळतं आणि ते दाखवून नव्या गाडीवर सवलती मागायच्या असतात. रस्ता कर राज्याचा असतो आणि केंद्राच्या नियमानं राज्य त्यात खाजगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतं. ‘पर्यंत’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा. तुमच्या गाडीचा कर ढोबळमानानं लाखभर धरला तर पूर्ण सूट मिळूनही 25 हजार. नोंदणी शुल्काची माफी म्हणजे 600 रुपये. कंपन्यांनी 5 टक्के सूट द्यावी असं धोरणात आहे, पण तो सल्ला आहे, सक्ती नाही. ऑगस्ट 2024मध्ये कंपन्यांनी कबूल केली ती सूट किमतीच्या दीड टक्का किंवा 20 हजार, यांत कमी असेल ती. तीही प्रवासी गाड्यांना फक्त एका वर्षासाठी. ते वर्ष संपलं. तरी शोरूमनं मेहरबानी केली असं धरून साडेतेरा हजार लिहितो. बेरीज 39 हजार.

भंगाराचे 25 हजार आले तर एकूण 64. पण चालू स्थितीतली, 2029पर्यंत पासिंग असलेली तुमची गाडी म्हापशात किंवा फोंड्यात विकायला काढली तरी 60 हजार कुठे जात नाहीत. ती तुम्ही मोडीत घालणार, म्हणजे ते 60 सोडणार. सगळं उत्तमात उत्तम जुळून आलं तर सरकारी योजनेतून तुमच्या पदरात निव्वळ 4 हजार पडतात. शोरूमवाल्याचा ‘लाखभर’ कुठून आला याचा अंदाज करता येतो. 22 सप्टेंबर 2025पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के आणि वर सेस होता तो सरळ 18 टक्क्यांवर आला, त्याचे पैसे त्यानं यात मिसळले असावेत. ती कपात जुनी गाडी मोडीत न घालताही मिळते.

पेट्रोलची बचत बघू. जुनी 12चं ॲव्हरेज देते, नवी 20चं देईल. 6 हजार किलोमीटरला 500 लिटरच्या जागी 300. लिटरला 97 धरले तर वर्षाला 19 ते 20 हजार, म्हणजे महिन्याला सोळाशे. साडेसहा लाखांचं कर्ज, 9 टक्के, सात वर्षं, हप्ता साडेदहा हजार. सोळाशे वाचवायला साडेदहा हजार भरायचे. दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याला मी वेगळं उत्तर दिलं असतं.

आणि ‘पंधरा वर्षांवरची गाडी सरकार उचलून नेतं’ ही भीती मनातून काढा. तो नियम दिल्ली आणि आसपासचा आहे. सरकारी खात्यांच्या स्वतःच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्या 2023पासून मोडीत जातात, त्याच्या बातम्या वाचून लोकांचा गोंधळ होतो. गोव्यात तुमची खाजगी गाडी तपासणीत पास झाली तर पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते, तुम्ही ती वाढवलीही आहे. तीस-चाळीस हजार खर्चून टायर, सस्पेन्शन करून घ्या आणि पावसानं खालचा पत्रा कुठे खाल्लाय ते रॅम्पवर चढवून स्वतः बघा. इलेक्ट्रिकचं तुम्ही ओझरतं विचारलंय: खाजगी मोटारीला केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या इलेक्ट्रिक वाहनांच्या योजनेत अनुदान नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची करवजावट 31 मार्च 2023नंतर मंजूर झालेल्या कर्जांना मिळत नाही. जुनी गाडी बदलायचं एकच कारण मला पटतं, ते सुरक्षिततेचं. 2009च्या साध्या गाडीत एअरबॅग नसते, एबीएस नसतं. मुलांना घेऊन चोर्ला घाट वारंवार ओलांडत असाल तर त्याचा विचार जरूर करा, पण मग 2019नंतरची, चार-पाच लाखांची वापरलेली गाडी बघा.

आता तो फोटो.

ही आरडी नाही. आरडीसारखी कुठलीही स्कीम नाही. ही आयुर्विमा पॉलिसी आहे. सुरुवात जानेवारी 2024. हप्ता वर्षाला 2 लाख, दहा वर्षं. मुदत वीस वर्षं. विमा तुमच्या जिवाचा, रक्कम 20 लाख. आईचं वय तुम्ही 71 लिहिलंय. या पॉलिसीचे पैसे 2044मध्ये मिळायचे आहेत, तेव्हा त्या नव्वदीला टेकलेल्या असतील. नवऱ्यामागे आलेल्या पैशातून सत्तरीतल्या बाईला दरमहा औषधपाण्याला चार रुपये मिळावेत एवढी एकच गरज होती. तिच्या पैशांतून मुलाच्या जिवावर वीस वर्षांची पॉलिसी काढली गेली. हे विकणाऱ्याला कळत नव्हतं असं मी मानत नाही. वीस वर्षं मी हे काम करतोय, आणि वडिलांच्या बाराव्याची धावपळ संपते न संपते तोच बँकेतून येणारा फोन मी इतक्या घरांत ऐकलाय की असं पत्र उघडलं की माझा हात थरथरतो.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. 12 लाख आणि हप्ते दहा. म्हणजे भरायचे 20 लाख. उरलेले 8 कुठून येणार होते? आईचे पैसे सहाव्या हप्त्याला संपतात, पुढचे चार हप्ते तुमच्या 58 हजारांतून. हे कुणी सांगितलं होतं?

तुम्ही म्हणता ते 4 लाख व्याजासकट मिळणार नाहीत. तुमच्या पॉलिसीच्या वेळी लागू असलेल्या नियमांनुसार, दोन हप्ते भरून दुसऱ्या वर्षात पॉलिसी मोडली तर हमीची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्के. तिसऱ्या वर्षात 35. म्हणजे आज, दुसरं वर्ष चालू असताना, किमान 1 लाख 20 हजार. कंपनी विशेष सूत्रानं थोडं जास्त देऊ शकते, पण 4 लाख नाहीत. त्या 1 लाख 20 हजारांवर गाडी घेतली तर कर्ज 9 लाख 30 हजार आणि हप्ता 15 हजार. घराचा हप्ता धरून 24 हजार, म्हणजे पगारातले शंभरातले चाळीस रुपये.

आणि आईच्या 12 लाखांतले न भरलेले 8 लाख तुम्ही लिहिल्याप्रमाणे ‘हप्ता कापायला सोपं म्हणून’ बचत खात्यात पडून आहेत. तिथे अडीच टक्के मिळतात, वर्षाला 20 हजार. तेच पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले असते तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी वर्षाला 65,600, दर तीन महिन्यांनी 16,400 आईच्या खात्यात. फरक 45 हजार. सरकारकडून गाडीवर एकदाच, सगळं नशीब जुळलं तर, 39 हजारांची सवलत मिळवायला तुम्ही दोन शोरूम फिरलात. त्याहून जास्त तुमची आई दरवर्षी घालवते आहे.

काय करायचं ते सांगतो. जानेवारीचा तिसरा हप्ता भरू नका. ‘आता एवढे भरलेच आहेत तर’ असं बँक म्हणेल, तिचं ऐकू नका. पण हप्ता थांबवण्याआधी स्वतःचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त जिवाचं संरक्षण देणारा विमा, काढा आणि ती पॉलिसी हातात येऊ द्या. दोन लहान मुलं असताना तुमच्याकडे आज या पॉलिसीशिवाय काही नाही, आणि हप्ता बंद झाला की 20 लाखांचं संरक्षण, दहा हप्त्यांतले दोनच भरले या प्रमाणात, 4 लाखांवर येईल. हप्त्याच्या तारखेनंतर सवलतीचे तीस दिवस हातात असतात, तेवढ्यात हे होतं.

घाईनं पॉलिसी मोडूही नका. आधी तक्रार करा. विमा कंपनीकडे लेखी मागा: प्रस्ताव अर्जाची प्रत, सही केलेला लाभाचा तक्ता, आणि पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग. अर्जात तुमचं उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. फुगवून लिहिलेलं सापडलं तर तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र, बँकेला त्याची प्रत: बचत ठेव सांगून विमा विकला, पैसे 71 वर्षांच्या विधवेचे, हप्ते तिच्या ऐपतीबाहेरचे, पूर्ण रक्कम परत हवी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. गोव्याचं काम पुण्याचं कार्यालय बघतं. फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत जायचं असतं. सगळे पैसे परत मिळतीलच असं वचन मी देत नाही. तुमच्या सह्या आहेत आणि त्याच तुमच्यासमोर ठेवल्या जातील. निकाल विरोधात गेला तर पॉलिसी कमी रकमेवर तशीच चालू ठेवायची की मोडायची, ते कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी घेऊन ठरवू. अशा पॉलिसी शेवटपर्यंत भरल्या तरी पाच-साडेपाच टक्क्यांच्या पुढे क्वचितच जातात, त्यामुळे मोडण्याकडे माझा कल राहील.

आणखी एक, तुम्ही जाता जाता लिहिलेलं. कुडाळला दिलेली बहीण आहे. गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मिळकत, वेगळा करार नसेल तर, सामाईक असते. बाबांच्या 12 लाखांतले 6 आधीपासून आईचेच. उरलेल्या सहांत तुमचे तीन आणि बहिणीचे तीन, लग्न झालेलं असलं तरी. आई नॉमिनी होती म्हणून सगळं आईचं झालं असं होत नाही, आणि तुमच्या जिवावर पॉलिसी निघाली म्हणून ते तुमचंही झालं नाही. त्यातून तुमच्या गाडीचं डाऊन पेमेंट निघणार होतं. नोटरीकडे एकदा बसा, बहिणीला घेऊन.

बाबांचा टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, होता असं लिहिलंय, 2011ला कर्जावर घेतलेला. सप्टेंबर 2012मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोली-साखळीतल्या अंगणांत टिपर उभे होते आणि हप्ते चालू होते, ते मी पाहिलंय. सरकार काहीतरी देईल या बोलीवर तुमच्या बाबांनी किती महिने काढले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यातून शेवटी उरले ते हे 12 लाख.

तेव्हा गाडी तीन वर्षं पुढे ढकला. शोरूमला बुकिंगचे 11 हजार दिले असतील तर ते परत मागा. पोस्टाचं खातं आईच्या नावावर उघडा आणि सगळ्यांशी बोलून 8 लाख तिथे हलवा. हप्त्याचं ऑटो-डेबिट बँकेच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज देऊन बंद करा, नुसतं तोंडी सांगून चालत नाही. टर्म विम्याचा अर्ज या आठवड्यात करा, डेबिट बंद करायचा अर्ज डिसेंबर संपायच्या आत द्या, आणि त्यावर शिक्क्यासह पोच घ्या.