डिझेल पिकअपला जादा टाकी लावताना ती थेट इंजिनला जोडू नका

लांबच्या फेऱ्यांसाठी हौद्यात दोनशे लिटरची जादा टाकी ठेवायची आणि ती सरळ इंजिनच्या लाइनला जोडायची, हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. टाकी जरूर लावा, पण जोडणी अशी नको.

डिझेल इंजिनकडे जितकं डिझेल जातं तितकं सगळं जळत नाही. उरलेलं, गरम झालेलं डिझेल रिटर्न लाइनने मूळ टाकीत परत येतं. ओढायची लाइन नव्या टाकीला लावून रिटर्न जुन्यालाच ठेवली, तर नवी टाकी भराभर रिकामी होते आणि जुनी भरून वाहायला लागते. दोन्ही लाइन एकदम बदलणारा व्हॉल्व्ह मिळतो, पण त्याने जोड वाढतात. ओढायच्या बाजूचा एक जोड जरी सैल राहिला की लाइन हवा धरते आणि गाडी भलत्या ठिकाणी बंद पडते.

म्हणून जादा टाकीतलं डिझेल आधी मूळ टाकीत उतरवायचं आणि इंजिनला तिथूनच जाऊ द्यायचं. काही जण टाकी उंचावर आहे म्हणून नुसत्या उताराने सोडतात आणि मध्ये फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे मूळ टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, बसवतात. मला ते पटत नाही. फ्लोटमध्ये कचरा अडकला तर गाडी उभी असतानाही डिझेल येत राहतं. माझ्या गाडीला १२ व्होल्टचा छोटा पंप आहे. स्विच केबिनमध्ये, फ्यूज बॅटरीजवळ, आणि करंट चावीनंतरचा, म्हणजे गाडी बंद की पंप बंद. मूळ टाकी निम्म्याखाली गेल्याशिवाय मी तो चालू करत नाही. ताशी १२० लिटरचा पंप असेल तर ४० लिटर उतरायला २० मिनिटं लागतात. विसराळू असाल तर टायमर लावून घ्या. जादा टाकी संपली की पंपाचा आवाज बदलतो, घरघर जाऊन बारीक किणकिण सुरू होते. तेव्हा लगेच बंद करा, कोरडा पंप फार टिकत नाही.

आता वजन. हे बहुतेक जण धरतच नाहीत. एक लिटर डिझेल साधारण ८४० ग्रॅम भरतं, म्हणजे दोनशे लिटरचे १६८ किलो झाले, टाकीचं वजन वेगळं. गाडीच्या मान्य भारातून तेवढं आधीच वजा करा. टाकी केबिनला लागून ठेवा, म्हणजे भार मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे पडतो. मागच्या फाळक्याजवळ ठेवलीत तर पुढची चाकं हलकी होतात. बोल्ट चॅसीपर्यंत न्या, हौद्याच्या पत्र्यावर भरवसा नको. आतमध्ये भोकं असलेले आडवे पत्रे हवेतच. असे पत्रे नसलेली अर्धी भरलेली टाकी ब्रेक दाबल्यावर मागून असा हिसका देते की समजतं!

टाकी अ‍ॅल्युमिनियमची किंवा साध्या लोखंडाची घ्या. आतून जस्त चढवलेली स्वस्त मिळाली तरी नको, कारण जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि त्याचे थर इंजेक्टरवर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागावर, बसतात. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जोराच्या दाबाने डिझेल मिळतं ते) दाब २००० बारच्या आसपास जातो, तिथे असली घाण महागात पडते.

पाण्याचंही तेच. अर्धी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतलं बाष्प भिंतींना धरतं आणि तळाशी साचतं. तळाला ड्रेन बोल्ट ठेवा आणि पंपाच्या आधी पारदर्शक वाटीचा फिल्टर लावा. पाणी वाटीच्या बुडाशी वेगळं दिसतं, रेषा स्पष्ट असते.

ब्रीदर पाइप, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायची नळी, असा हवा की गाडी उलटली तरी त्यातून डिझेल येणार नाही. टाकी काठोकाठ भरू नका, गरम झालं की डिझेल फुगतं. वीसेक अंशांनी तापमान चढलं तर शंभर लिटरमागे दीड लिटरहून जास्त वाढतं.

नोंदणी आणि विम्याचे नियम मात्र बसवण्याआधी विचारून घ्या. नुसती वाहून न्यायची टाकी आणि गाडीच्या इंधनाला जोडलेली टाकी यांना बऱ्याच ठिकाणी वेगवेगळे नियम असतात.