वाचकांचे प्रश्न: एक्स-रेच्या खोलीत शिरण्याआधी

प्रश्न: मुलगी बारावी झाली, पीसीबी घेऊन. ‘सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन’ अशी जाहिरात पाहिली. प्रवेश घ्यावा का? (एक आई, कळवा)

उत्तर: नको. हा व्यवसाय आता २०२१च्या केंद्रीय कायद्याखाली येतो. सहा महिन्यांच्या कागदावर पुढे दार अडेल. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी तीन वर्षं आणि वर उमेदवारीचं एक वर्ष अशी आहे. कामोठ्याच्या एमजीएम अभिमत विद्यापीठातही रेडिओलॉजी तंत्रज्ञानाची पदवी आहे. तिथली फी आधी विचारून घ्या. कुठेही फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराच: एका मशीनमागे किती मुलं, अपघात विभागात रात्रपाळी मिळते का आणि प्रशिक्षणार्थीला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर आलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला, देतात का. बॅजचं उत्तर गुळमुळीत आलं तर परत फिरा. मुलगी अजून अठराची नसेल तर तिच्यासाठी रेडिएशनच्या डोसची मर्यादाही कमी असते, वर्षाला ६ मिलिसिव्हर्ट (हे डोसचं माप).

प्रश्न: इंटर्नशिप चालू आहे. माझे छातीचे एक्स-रे सारखे रिपीट होतात. कधी ‘रोटेशन’, कधी ‘श्वास कमी’. नेमकं काय चुकतं? (एक विद्यार्थी, नेरूळ)

उत्तर: बहुतेक वेळा बटण दाबायच्या आधीच चुकलेलं असतं. उभ्या रुग्णाची छाती डिटेक्टरला (चित्र टिपणाऱ्या पाटीला) टेकवून, एक्स-रे सोडणारी ट्यूब पाठीमागे १८० सेंटिमीटरवर. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं. ते डिटेक्टरजवळ आलं आणि ट्यूब लांब गेली की सावली फुगत नाही. हाताचे पंजे उलटे कमरेवर, कोपरं पुढे ढकललेली. नाहीतर खवाटे फुप्फुसावर येतात. हनुवटी वर.

रोटेशन, म्हणजे छाती एका बाजूला वळली आहे का, हे तपासायला दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघायचं. पाय सरळ ठेवलेले नसले की कंबर वळते आणि मागोमाग छातीही.

श्वासाचं गणित वेगळं. ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं की माणूस छातीऐवजी खांदेच उचलतो. एकदा करून दाखवा, एक श्वास सोडायला लावा आणि दुसऱ्या श्वासावर एक्स्पोजर द्या. छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या वर मागच्या ९-१० फासळ्या मोजता आल्या पाहिजेत. सातच दिसत असतील तर हृदय रुंद आणि फुप्फुसाचा तळ धुरकट वाटतो. नसलेला न्यूमोनिया रिपोर्टमध्ये शिरायचा धोका इथेच असतो.

मंगळसूत्र, ताईत सगळेच काढायला सांगतात. खांद्यावरून पुढे आलेली वेणी मात्र राहून जाते आणि फुप्फुसाच्या टोकावर डाग होऊन बसते. तेल लावलेली जाड वेणी तर हमखास. ती डोक्यावर बांधायला सांगा.

एमएएस, म्हणजे सोडलेल्या एक्स-रेचं प्रमाण, कमी पडला तर चित्र दाणेदार येतं, हे लगेच कळतं. जास्त झाला तर डिजिटल यंत्र चित्र सुरेखच दाखवतं आणि डोस मात्र रुग्णाच्या अंगावर जातो. म्हणून चित्रावर न भाळता एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती एक्स-रे पोचले ते दाखवणारा आकडा, वाचायची सवय लावा. डाव्या-उजव्याचा मार्कर एक्स्पोजरच्या वेळीच ठेवा, नंतर कॉम्प्युटरवर चिकटवू नका. हृदय उजवीकडे असलेला रुग्ण वर्षानुवर्षं येत नाही, पण येतो तेव्हा मार्करच वाचवतो.

प्रश्न: बहीण सीटी विभागात आहे. स्थळं बघताना ‘रेडिएशनमुळे मूल होणार नाही’ असं ऐकावं लागतं. (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर: नियम पाळले तर ही भीती निराधार आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाची कामगारासाठी मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३०. सीटीच्या वेळी ती शिशाच्या काचेमागे कन्सोलवर बसते, त्यामुळे तिचा डोस यापेक्षा खूपच कमी राहतो. पोर्टेबल एक्स-रेत अंतर हीच ढाल: दुप्पट लांब उभं राहिलं की डोस चौथाई. बॅज छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा आणि दर तिमाहीला मोजणीला पाठवायचा. ड्यूटी संपली की तो एप्रनवर टांगून मशीनच्या खोलीत ठेवू नये, नाहीतर आकडा भलताच येतो. एप्रनची घडी घालू नये. आतल्या शिशाला चिरा पडतात आणि बाहेरून दिसत नाहीत.

दिवस राहिले की मात्र लगेच लेखी कळवायचं. त्यानंतर बाळंतपणापर्यंत गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, आणि त्या बेताने काम नेमून देणं ही मालकाची जबाबदारी.