जावा उघडली, आता पुढे काय? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या घरी जुनी टू-स्ट्रोक गाडी उघडण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक सगळी जावा-येझदी या जुन्या मोटरसायकली असणाऱ्यांचीच आहेत आणि त्याचं मला मनापासून बरं वाटलं. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, जे प्रश्न परत परत आलेत ते घेतोय.

प्रश्न : वडिलांची १९७१ सालची जावा २५० गेली अठरा वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत उभी आहे. किक हलतच नाही. मला ती घरीच उघडून परत उभी करायचीये, हाताशी पान्यांचा एक सेट आहे आणि रविवार मोकळे आहेत. सुरुवात कुठून करू? आणि करतोच आहे तर थोडी अपग्रेड पण करावी म्हणतो. – एक वाचक, कराड

उत्तर : पहिली गोष्ट, किकवर उभं राहू नका. जावाचा किक आणि गिअर लिव्हर एकच असतो हे तुम्हाला माहितीच आहे, तो आत दाबून वर फिरवला की किक. जाम इंजिनवर उडी मारली की आतले दाते जातात आणि मग साध्या कामाचं मोठं काम होतं. प्लग काढा, भोकातून थोडं डिझेल आणि गिअर ऑइल सोडा, कापडाचा बोळा लावून आठवडाभर विसरून जा. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने हळूच पुढे-मागे, पुढे-मागे. बऱ्याचदा एवढ्याने सुटते, नाही सुटली तर परत तेल आणि परत आठवडा, अठरा वर्षं थांबलेल्या गाडीला अजून पंधरा दिवसांनी काही होत नाही.

सुटली म्हणून लगेच चालू करून बघायचा मोह होतो, तो टाळा. इतकी वर्षं उभ्या गाडीत क्रँकचे (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनातला दांडा) सील कडक होऊन गेलेले असतात आणि बेअरिंगला गंज असतो. इंजिन उघडायचंच आहे असं धरून चाला. पण त्याच्या आधी फोटो काढा. प्रत्येक वायर, प्रत्येक केबल कुठून कशी जाते ते सगळं चारी बाजूंनी. आणि प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, वर मार्करने नाव. मी पहिल्या इंजिनला सगळे वॉशर एका डब्यात टाकले होते आणि गिअर शाफ्टच्या शेवटची एक पातळ चकती कुठे बसते ते शोधण्यात माझे तीन रविवार गेले. त्यातली कुठलीही जुनी वस्तू फेकू नका, तुटलेली असली तरी, नवा पार्ट बरोबर आहे का ते जुन्याशी जुळवूनच कळतं.

केस (इंजिनचं बाहेरचं कवच) उघडायला जोडात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, खाच पडली की तिथून तेल गळणार ते गळणारच. केसचे स्क्रू चिकटलेले असतात, त्याला हातोडीने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर घ्या, फार महाग नसतो. बेअरिंग काढताना ठोकाठोकी नको, रिकामी केस गरम करा. ओव्हन असेल तर ओव्हन, नाहीतर जुन्या तव्यावर उलटी ठेवून मंद आच. वर पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडाला पाहिजे, मग केस लाकडावर आपटली की बेअरिंग आपोआप खाली पडतं. नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि गरम केसमध्ये ते हाताने सरकतं, टक् असा आवाज येतो तळाला बसल्याचा. तो आवाज एकदा ऐकलात की परत कधी हातोडी उचलणार नाही. क्रँकची बेअरिंगं घेताना दुकानदाराला सी-थ्री सांगा, साधं नको, गरम झाल्यावर फुगायला आत जागा लागते.

क्रँक आणि सिलिंडर ही दोन कामं घरी होत नाहीत. क्रँक प्रेसवर उघडतो आणि परत बसवल्यावर व्ही ब्लॉकवर ठेवून डायल गेजने (अगदी बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) तपासावा लागतो, त्यासाठी चांगला लेथवाला शोधा. तुम्ही कराडला आहात, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनकामाची जुनी मुरलेली माणसं आहेत, एक दिवस काढून जा आणि काम होईपर्यंत तिथेच उभे राहा, बघून जेवढं शिकता येतं तेवढं वाचून येत नाही.

बोअरिंगचा, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठा करण्याचा, माझा अनुभव सांगतो, कारण तो महागात पडला होता. एका दुकानात मी नुसता ब्लॉक (सिलिंडर) दिला, पिस्टन नंतर आणतो म्हणालो. त्यांनी अंदाजाने बोअर करून दिलं. गाडी जोडली, सुरू झाली, आवाज इतका गोड की डोळ्यात पाणी आलं, आणि बारा किलोमीटरवर चढाला पिस्टन धरला, म्हणजे आतच जाम झाला. उघडलं तर पिस्टनच्या बाजूला उभे चरे, पिस्टनचं अॅल्युमिनियम ब्लॉकला चिकटलेलं. कारण सरळ होतं, पिस्टन आणि ब्लॉकमध्ये जेवढी फट पाहिजे तेवढी नव्हती. तेव्हापासून नियम केला, आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात, तो मोजायचा, मग ब्लॉक लेथवर. जावाचा ब्लॉक बिडाचा आहे त्यामुळे पाव-पाव मिलिमीटरने बऱ्याचदा बोअर होतो, पण दरवेळी लागेल तेवढंच काढायचं, एकदम शेवटच्या साइजला गेलात की पुढच्या पिढीला काही उरत नाही. आणि रिंग बसवताना प्रत्येक खाचेत एक बारीक पिन असते, रिंगची तोंडं त्या पिनेवरच आली पाहिजेत, नाहीतर रिंग पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतली खिडकी) अडकून तुटते.

आता अपग्रेड. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी प्रत्येक पत्रात लिहितो : आधी गाडी कारखान्यातून निघाली तशी चालवून दाखवा, किमान पाचशे किलोमीटर. मगच काय कमी पडतंय ते तुम्हाला स्वतःला कळेल. आणि जे काही बदलाल ते असं बदला की एका रविवारात परत काढता आलं पाहिजे. फ्रेमला वेल्डिंग नाही, ब्रॅकेट कापणं नाही. मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद झाला, आता ती फ्रेम परत बनणार नाहीये.

प्रश्न : येझदी रोडकिंगचं इंजिन मेकॅनिककडून करून आणलंय. खूप पांढरा धूर मारते, प्लग ओला होतो, आणि अॅक्सिलरेटर न पिळता स्लो सोडली तर कधी बंद पडते कधी आपोआप रेस होते. कार्बोरेटर दोनदा साफ केला. – सांगली

उत्तर : कार्बोरेटरला तिसऱ्यांदा हात लावू नका. हे सील आहे, बहुतेक दोन्ही बाजूंचं.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची पोकळी पण पंपासारखं काम करते, म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांना हवा धरून ठेवणारे सील लागतात. क्लचच्या बाजूचा सील गेला की इंजिन तिकडचं ऑइल खेचून जाळतं, मग दाट पांढरा धूर, ओला प्लग, आणि खाली जमिनीवर एक थेंब न गळता ऑइलची लेव्हल मात्र कमी होत जाते. डायनॅमोच्या बाजूचा गेला तर बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी हात न लावता रेस होते. ही दुसरी गोष्ट जास्त धोक्याची, कारण पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो आणि धरतो.

खात्री करायला घरातलं बीपी मशीन चालतं, डायलवालं, फुग्याचं. दोन्ही सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून त्यांची ब्लॉकवरची तोंडं सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि पट्ट्या लावून बंद करा, पिस्टन तळाला आणा म्हणजे वरची खालची पोकळी एक होते, प्लगच्या भोकात जुन्या प्लगमधून नळी बसवून फुग्याने हवा भरा. डायलवर ३०० पर्यंत न्या, तेवढं दाबाला पुरतं. काटा दोन-तीन मिनिटं जवळपास जागेवर राहिला पाहिजे. सरसर उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत फिरा, डायनॅमोचं कव्हर काढून सीलवर, ब्लॉकच्या खालच्या पॅकिंगवर, केसच्या जोडावर. फुगे दिसतात तिथे चोर. क्लचच्या बाजूचं बघायला ऑइल टाकायच्या भोकाला कान लावा, आतून बारीक सुर्रर्र ऐकू येतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अर्ध्या तासात कळलं की महिनाभर मी चुकीच्या जागी शोधत होतो.

सील बदलताना क्रँकवर जिथे सीलची कड घासते तिथे बोट फिरवून बघा, खोबण लागली तर नवा सीलही टिकणार नाही, ते आधी लेथवाल्याला दाखवा.

प्रश्न : सहा व्होल्टचा लाइट म्हणजे देवघरातली समई. बारा व्होल्ट करावं का? पुढे डिस्क ब्रेक बसवून देतो असं एक जण म्हणतोय. – पुणे

उत्तर : बारा व्होल्ट करा, डिस्क नको.

सहा व्होल्टमध्ये ३५ वॅटच्या बल्बला जवळजवळ सहा अॅम्पियर करंट लागतो, बारामध्ये त्याच्या निम्मा. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीत वायर जुनी किंवा अर्थिंगला रंग-गंज असेल तर करंट वाटेतच संपतो आणि दिवा पिवळा पडतो. आधी हे करून बघा : फ्रेम आणि इंजिनची अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, नवी जाड वायर टाका, स्विचचे पॉइंट साफ करा. निम्म्या गाड्या एवढ्यानेच सुधारतात आणि खर्च किरकोळ.

तरी रात्रीचं चालवायचं असेल तर चेक देशातल्या व्हेप कंपनीचं किट येतं, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि बारा व्होल्टचं जनरेटर एकत्र, जुना डायनॅमो काढून त्याच जागी बसतं. सीबी पॉइंटची (ठिणगी पाडायला उघडझाप करणारा छोटा स्विच) कटकट संपते, गाडी एका किकला उठते. बल्ब, हॉर्न, बॅटरी सगळं बारा व्होल्टचं घ्यावं लागेल हे धरून बजेट करा. नाना पेठेत बरंचसं मिळून जाईल. आणि काढलेला डायनॅमो तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव लिहून ठेवा.

पॉइंटच ठेवणार असाल तर गॅप ०.४ मिलिमीटर, आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) प्लगच्या भोकातून डायल गेज लावून मॅन्युअलमधल्या आकड्याला जुळवायचं. पॉइंट नेमके कधी उघडतात ते बघायला मध्ये सिगरेटचा पातळ कागद धरा, हळू ओढत राहा, ज्या क्षणी सुटतो तोच क्षण.

ब्रेकबद्दल : डिस्कसाठी फोर्क बदलावा लागतो, चाक बदलावं लागतं, ती मग जावा राहात नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, निर्मात्याने दिलेल्या रचनेत मनाने बदल चालत नाही. जुना ड्रम नीट केला तर गाडीच्या वेगाला पुरतो. ड्रम लेथवर स्किम करून गोल करून घ्या, शूला नवं लायनर लावून ते ड्रमच्या गोलाईला घासून बसवा, केबल नवी टाका, आणि ब्रेक दाबलेला असताना ड्रमवरचा लिव्हर आणि केबल यांच्यात काटकोन होतोय का बघा. हा काटकोन फार कमी लोक बघतात. एक महत्त्वाचं, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा आणि कापड पिशवीत बांधून टाका.

प्रश्न : दादा, मी बावीस वर्षांची आहे, आजोबांची जावा मला हवीये, घरचे म्हणतात भंगारात दे. टाकीत गंज आहे, कागद जुने आहेत. हल्लीच्या पेट्रोलवर चालेल का? – नाशिक

उत्तर : ताई, देऊ नकोस. आजोबांना एकदा विचार, त्यांनी ती कधी आणि कशी घेतली ते, आणि लिहून ठेव.

टाकीत व्हिनेगर भर, मूठभर नट टाक, दोन दिवस अधूनमधून हलव. मग नट मोजून बाहेर काढ, खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, लगेच उन्हात वाळव आणि थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) आत फिरव नाहीतर संध्याकाळपर्यंत परत गंज धरतो. भोक असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नाही, रिकाम्या टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होतो, हे काम ज्याला येतं त्याच्याचकडे दे.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर मऊ करतं आणि पाणी ओढतं. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरची रबरं नवी, इथेनॉल चालणारी घे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा कर. पेट्रोलच्या लिटरला टू-टी ऑइल ४० मिली, आणि सिलिंडर नवीन बोअर केला असेल तर पहिले पाचशे किलोमीटर ५०.

कागदांचं : नोंदणीला पन्नास वर्षं झाली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल तर केंद्राच्या २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नवीन नोंदणीला फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढचं नूतनीकरण ५,०००. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुला कॉलेजला न्यायची असेल तर हा रस्ता नको, साधी नोंदणी पुढे वाढव. काहीही करण्याआधी इंजिन आणि चासीवरचे नंबर ब्रशने साफ करून आरसी बुकाशी जुळव, एका आकड्याचा फरक असला तरी आधी तो सोडव, रंगरंगोटी नंतर. गाडी आजोबांच्या नावावर आहे ना, ते आहेत तोवर सही घेऊन ट्रान्सफर करून टाक.

जुलैचा दुसरा रविवार जावावाल्यांचा दिवस असतो, पुण्यातही गाड्या जमतात. तोवर नाही झाली तरी ये, मागे बसून ये. तिथे कुणीही तुला कव्हर उघडून आत दाखवेल.